शिवरात्रीला वेल, पाडव्याला पाला

नमस्कार. पुढं या की, मागं दाराशी उभं राहून ऐकू येणार नाही, फॅनचा आवाज आहे. मंडळाच्या वहिनींनी मला विषय दिला "उन्हाळ्यातली घरची बाग" आणि म्हणाल्या तासभर बोला. मी म्हटलं बोलते, पण मला बागेबद्दल बोलताना जेवणाबद्दल बोलावंच लागतं, कारण माझी बाग ताटापासून सुरू होते, कुंडीपासून नाही.

कसं ते सांगते. फेब्रुवारी आला, थंडी सरली, गल्लीतल्या आंब्याला मोहोर दिसायला लागला की आपल्या सगळ्यांना हुरूप येतो, नर्सरीत जायचं, दिसतील ती रोपं आणायची, बियांची चार पाकिटं आणायची आणि एका रविवारी सगळं लावून मोकळं व्हायचं. मग कधी काय येणार याचा मेळच लागत नाही. मेथी निबर होऊन फुलावर येते तेव्हा भेंडीला अजून कळी नसते, आणि काकड्या एकदम आठ येतात तेव्हा घरात खाणारी माणसं दोन. मी पण पहिली तीन-चार वर्षं असंच केलं. इथं बेळगावातच वडगावात आमचं घर, वर साधी गच्ची, मुलगी पुण्याला, मुलगा बेंगळूरला, घरात आम्ही दोघंच. एक दुधी कापला की तीन दिवस तोच. पहिल्या दिवशी भाजी, दुसऱ्या दिवशी थालीपीठ, तिसऱ्या दिवशी हे ताटाकडं बघून गप्पच बसायचे. भाजी चांगली आली होती, घरची होती, औषध न मारलेली होती, तरी जेवताना आनंद नव्हता. तेव्हा मला पटलं की गच्चीवर नुसती भाजी लावून भागत नाही, ती खायला माणसं पण आधीच ठरवायला पाहिजेत.

म्हणून आता आधी तारीख धरते. माझी तारीख अक्षय तृतीया. चैत्रगौर त्या दिवशी उठते, महिनाभर हळदीकुंकू चाललेलं असतं, कैऱ्या आलेल्या असतात, मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, त्यामुळं माणसं मोकळी असतात. त्या दिवशी दुपारी आमच्याकडं बारा-पंधरा माणसं जेवायला. ही तारीख धरली की तिथून मागं मोजत यायचं. महाशिवरात्र ते अक्षय तृतीया, मधे अधिक महिना आला नाही तर साधारण ६४ दिवस होतात. आणि गंमत बघा, भेंडी पेरल्यापासून तोडायला ४५ ते ५० दिवस, काकडी तेवढीच, गवार ५० च्या आसपास, दोडका ५० ते ६० दिवस. म्हंजे शिवरात्रीला बी मातीत गेलं की अक्षय तृतीयेला वेल भरात असतो. तसंच पाडवा ते अक्षय तृतीया एक महिना. मेथीला २५ ते ३० दिवस लागतात, तांदुळजा पण तेवढ्यातच येतो. म्हणून आमच्या घरात बोलायची पद्धतच पडलीये, शिवरात्रीला वेल, पाडव्याला पाला. वांगी-मिरची-टोमॅटोचं गणित वेगळं, त्यांची रोपं लावल्यावरसुद्धा दोन-सव्वादोन महिने जातात, त्यामुळं ती रोपं संक्रांतीच्या सुमाराला कुंडीत गेलेली पाहिजेत. यंदा ज्यांची राहिली त्यांनी वांगी बाजारातनं आणावीत, त्यात काही कमीपणा नाही.

आता मातीबद्दल बोलते, कारण सगळं इथंच बिघडतं.

आपला भाग मोठा नशीबवान आहे आणि ते आपल्याला कळतच नाही. खानापूर, जांबोटीकडं जावा, माती तांबडी, जांभ्याची, पाणी घातलं की खाली निघून जातं. शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडं या, काळी माती, चप्पलला चिकटली की निघत नाही, आणि उन्हात वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा. नुसत्या तांबड्या मातीत उन्हाळ्यात झाड दुपारी मान टाकतं. नुसत्या काळ्या मातीत कुंडीत पाणी तुंबून मुळं कुजतात. दोन्ही मिसळल्या की काम होतं. मी दोन वाटे तांबडी, एक वाटा काळी आणि दोन-तीन वाटे कुजलेलं खत घेते. माझी एक शाळेतली मैत्रीण खानापूरला दिलीय, ती दर वर्षी माघात येताना गाडीच्या डिकीत दोन पोती तांबडी माती घेऊन येते आणि जाताना एक पोतं आमची काळी माती घेऊन जाते. तिच्या सासूबाईंना पहिल्यांदा हसू आलं, माहेरची साडी नेतात, ही माती नेते म्हणून. आता त्याच विचारतात, आणलीस काय गं माती. मैत्रिणीशी देवाणघेवाण करायची तर ती भाजी आल्यावरच करायची असं थोडंच आहे.

कुंड्यांचं म्हणाल तर प्लास्टिकच्या ग्रो बॅगा स्वस्त आणि हलक्या पडतात, मी वापरते. पण पुदिना, कोथिंबीर, तांदुळजा असल्या पाल्याला मातीची पसरट कुंडी हवी, ती स्वतः गार राहते. खानापूरची माती भांड्यांसाठी, कौलांसाठी नावाजलेली, खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची संस्था खानापुरातच आहे. तिकडं कुणी जाणार असेल तर एखादी कुंडी घेऊन या.

एक सावधगिरी. गच्चीवर माती चढवताना स्लॅबचा विचार करा. एक घनफूट ओली माती म्हंजे साधारण ५० किलो वजन. वीस मोठ्या कुंड्या स्लॅबच्या मधोमध ठेवल्या तर टनभर ओझं झालं की हो. मोठ्या कुंड्या भिंतीच्या, बीमच्या वर ठेवायच्या, कडेनं. आणि मातीत निम्मं पालापाचोळ्याचं खत असलं की वजन पण उतरतं. खाली विटांचे तुकडे ठेवून कुंडी उचलून घ्या म्हंजे पाणी साठून गळती लागत नाही.

खताबद्दल माझं स्वतःचं एक नुकसान सांगते. दुसऱ्या वर्षी मला फार घाई झाली होती, गवळ्याकडनं ताजं शेण आणलं आणि सरळ कुंड्यांत मिसळलं. चार दिवसांत सगळी रोपं पिवळी, आठव्या दिवशी मान टाकली. माती उकरून बघितली तर आत हाताला गरम लागत होती. ताजं शेण कुजताना तापतं आणि कोवळी मुळं होरपळतात, हे मला माझ्या आजीनं सांगितलं असतं, पण तेव्हा विचारायला आजी नव्हती. सहा महिने कुजलेलं, हातात घेतल्यावर चहाच्या चोथ्यासारखं मोकळं आणि ज्याला पावसाच्या मातीसारखा वास येतो ते खत. ताजं शेण वापरायचंच असेल तर जीवामृत करा. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांनी एकरासाठी सांगितलेलं प्रमाण २०० लिटर पाण्याचं आहे, आपल्या बादलीला ते असं पडतं: १० लिटर पाणी, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत झाकून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, दोन-तीन दिवसांत तयार. कुंडीला घालताना दहापट पाणी मिसळायचं. गूळ आपल्याकडं निपाणी-संकेश्वर भागातला, काळपट असला तरी चालतो, उलट तोच घ्या.

आमच्या शेजारच्या कोल्हापुरात श्रीपाद दाभोलकरांनी प्रयोग परिवार चालवला, शहरातल्या माणसानं घराच्या गच्चीवर, घरातल्याच कचऱ्यावर भाजी-फळं पिकवावीत हे त्यांनी कितीतरी वर्षं लोकांना करून दाखवलं. पानं, भाज्यांची देठं, फळांच्या साली, सगळं मातीतच परत जायला पाहिजे हे मी त्या विचारातनंच घेतलं. मी तीन वाटे वाळका पाला आणि एक वाटा स्वयंपाकघरातला ओला कचरा असं ड्रममधे थर देऊन ठेवते, अडीच-तीन महिन्यांत खत होतं. वास आला तर समजायचं की ओलं जास्त झालं, वरनं वाळका पाला टाका, वास जातो.

पाणी. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी एप्रिल-मेमधे कसं येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तेवढ्यातच भागवायचं. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवायचं, आमच्याकडं बेसिनखाली त्यासाठीच बादली आहे. सकाळी उन्हाच्या आधी घालायचं. आणि कुंडीच्या मातीवर आच्छादन टाकायचंच टाकायचं, उसाचं पाचट, भाताचं पिंजर, आंब्याची वाळकी पानं, काहीही, दोन बोटं जाड थर. आपण समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७५० मीटरवर आहोत, संध्याकाळी पश्चिमेचा गार वारा सुटतो, म्हणून आपल्याकडची झाडं रात्री सावरतात, पण एप्रिलच्या दुपारी गच्चीवर फरशी इतकी तापते की ग्रो बॅगमधली मुळं खालनं भाजतात. आच्छादन आणि खालच्या विटा, एवढं केलं की झाड तग धरतं.

कोथिंबिरीबद्दल चौघीजणींनी आत येतानाच विचारलं, म्हणून सांगते. उन्हाळ्यात ती लगेच फुलावर जाते, तिचा दोष नाही, तिला थंडी आवडते. धणे चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे, हिरव्या नेटखाली किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत पसरट कुंडीत पेरायचे, उगवायला आठ-दहा दिवस लागतात, उकरून बघू नका. आणि दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरत राहायचं, एकदम सगळे नाही.

भेंडीला मोठा त्रास केवड्याचा. पानं पिवळी पडतात, शिरा पिवळ्या होऊन जाळी दिसते, फळं पण पांढरट होतात. तो रोग पांढरी माशी पसरवते. एक झाड तसं दिसलं की मुळासकट उपटून टाका, दया दाखवू नका, नाहीतर आठवड्यात सगळी ओळ जाते. बाकीच्यांवर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी असं संध्याकाळी फवारायचं, पिवळे चिकट सापळे लावायचे. बी घेताना त्या रोगाला दाद न देणारं वाण मागा. मराठवाड्याच्या विद्यापीठाची परभणी क्रांती आहे, बेंगळूरजवळ हेसरघट्ट्याच्या संस्थेची अर्का अनामिका आहे. इतक्या वर्षांनंतर दोन्हींत पूर्वीइतका जोर राहिला नाही असं शेतकरी म्हणतात, तरी साध्या बियाण्यापेक्षा बरीच बरी. माझ्या गच्चीवर दोन्ही शेजारी-शेजारी असतात. परभणी क्रांती आणि बेंगळूरची अनामिका एकाच बादलीचं पाणी पितात, मला ते बघून फार बरं वाटतं. आपल्या भागात राहणाऱ्याला का बरं वाटतं ते तुम्हाला सांगायला नको.

बी घेताना पाकिटाच्या मागची तारीख वाचा. एका वर्षी मी एका दुकानातनं काकडीचं महाग पाकीट आणलं, वीस बियांतल्या तीन उगवल्या, मग पाकीट उलटं करून बघितलं तर मुदत आदल्या वर्षीच संपलेली. आता शनिवारच्या बाजाराला खेड्यातल्या बायका येतात, त्यांच्याकडं गवारीचं, चवळीचं, दोडक्याचं घरचं बी मिळतं का ते आधी विचारते.

आणि आता दोडका. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

दोडक्याचा वेल मांडवावर चढतो, फुलं भरपूर येतात, पिवळीधमक, आणि गळून जातात. दोडका धरतच नाही. लोक म्हणतात वेल वांझ आहे. तसं नसतं हो. पहिले आठ-दहा दिवस नुसती नर फुलंच येतात, घोसानं येतात. मादी फूल एकेकटं येतं आणि त्याच्या मागं देठाच्या जागी बोटाच्या पेराएवढा इवलासा दोडका असतो, शिरा पण दिसतात त्याच्यावर. ते नर फुलातलं पराग मादी फुलाला लागलं तरच दोडका धरतो, नाहीतर तो इवला दोडका पिवळा पडून गळतो. आता हे पराग कोण नेणार? शेतात पतंग असतात, भुंगे असतात. गावातल्या तिसऱ्या मजल्यावर कोण येणार? आणि दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी, पाच-सहाच्या सुमाराला. कारल्याचं, काकडीचं सकाळी उमलतं. दोडका आणि दुधी संध्याकाळचे. सकाळी पाणी घालायला गेलं की फुलं मिटलेली, मलूल दिसतात, आपल्याला वाटतं संपली.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात, घरात कन्नड बोलतात, माहेर त्यांचं गोकाककडं. त्यांनी मला हे शिकवलं. मी गच्चीवर उभी राहून गळलेली फुलं वेचत होते, त्यांनी त्यांच्या गच्चीवरनं विचारलं, "काय करूलीस गं?" बेळगावच्या मराठीत. मी सांगितलं दोडका धरत नाही. त्या म्हणाल्या थांब, संध्याकाळी येते. आल्या, बरोबर त्यांची नात, सात-आठ वर्षांची. साडेपाचला कळ्या फुगल्या होत्या, सहाला आमच्या डोळ्यांसमोर पाकळ्या सुटायला लागल्या, हळूहळू, आधी एक कोपरा, मग दुसरा. अक्कांनी एक नर फूल देठासकट तोडलं, त्याच्या पाकळ्या मागं मोडून काढून टाकल्या, मधला पिवळा गुंडा तेवढा ठेवला आणि मादी फुलाच्या मधे अलगद टेकवून फिरवला, कपाळाला कुंकू लावावं तसा. बोटाला पिवळी पूड लागली. नातीला पण करायला दिलं, तिनं श्वास धरून केलं. एका नर फुलानं दोन-तीन मादी फुलं जुळवून होतात. चौथ्या दिवशी तो इवला दोडका करंगळीएवढा झाला होता आणि खाली वाकला होता, म्हंजे धरला. आठ-दहा दिवसांत तोडायला आला. त्या वर्षी त्या एका वेलावर आठवड्याला सात-आठ दोडके निघाले.

तेव्हापासून मार्च-एप्रिलमधे संध्याकाळी सहा वाजता आमच्या गच्चीवर कुणी ना कुणी असतंच. कुणी फुलं जुळवायला येतं, कुणी नुसतं वाऱ्याला बसायला. चहा वर येतो. हे पण येतात, आधी कधी येत नव्हते. मुलांचे फोन येतात तेव्हा सांगायला काहीतरी असतं, आज किती फुलं जुळवली, किती धरली. आपल्या गल्लीत आता किती घरांत दोघं-दोघंच आहेत, एखाद्या घरात एकटंच माणूस आहे, ते तुम्ही पण बघता. एकट्या माणसाला "या, बसा" म्हटलं तर संकोच वाटतो, येत नाही. "जरा फुलं जुळवायला मदत करा, माझा हात पोचत नाही" म्हटलं की येतं.

फळमाशी मात्र येते. कोवळ्या दोडक्याला, कारल्याला टोचते, आत अळी होते, फळ वाकडं होतं. धरलेल्या फळाला कागदाची नाहीतर जुन्या साडीच्या तुकड्याची पिशवी बांधायची, बस.

वेल भरात आला की रोज निघायला लागतं. भेंडी तर एक दिवसाआड तोडावीच लागते, तिसऱ्या दिवशी ती दोरखंड होते. एवढं दोन माणसांना खाऊन संपत नाही, आणि विकायला नेण्याएवढं पण नसतं. विकायचं काम आपल्या जिल्ह्यातले शेतकरी करतात, गोव्याची रोजची भाजी इथनंच गाड्या भरून घाटातनं खाली उतरते. आपलं पाव किलो, अर्धा किलो. ते वाटण्यासाठीच आहे. चार भेंड्या फ्रीजमधे कुजवण्यापेक्षा त्याच दिवशी तोडलेल्या, देठाला अजून चीक असलेल्या भेंड्या शेजारी पाठवा. आणि आपल्याकडं रीतच आहे, वाटी रिकामी परत करायची नाही. मी अक्कांना दोडके पाठवते, वाटी येते तेव्हा त्यात गुरेळ पुडी असते, म्हंजे आपली कारळ्याची चटणी, नाहीतर पुंडी पल्ल्या, आपली अंबाडीची भाजी, पण ती त्यांची हरभऱ्याची डाळ आणि जोंधळ्याच्या कण्या घालून केलेली, लसणाची फोडणी वरनं, भाकरीबरोबर तिला तोड नाही. पाडव्याला आम्ही कडुनिंबाचा पाला, गूळ, ओवा वाटून देतो, त्यांच्याकडनं युगादीचं बेवु-बेल्ल येतं. कडुनिंब आणि गूळच. झाड पण एकच, कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळापाशी आहे ते.

आता अक्षय तृतीयेचं ताट सांगते, म्हंजे मागं मोजायला तुम्हाला सोपं जाईल.

मधे भात, येळ्ळूरच्या शिवारातला बासमती. बेळगावच्या बासमतीचा वास कसा असतो ते इथल्या वयस्कर माणसांना विचारा, एका घरात शिजला की गल्लीला कळायचा. आता तो पूर्वीइतका मिळत नाही, शिवारात घरं आली, पण ओळखीच्या शेतकऱ्याकडनं वर्षाला दहा किलो मिळवते आणि त्या दिवसासाठी राखून ठेवते. भाताबरोबर आमटी, मसुराची. भात निघाल्यावर त्याच ओलीवर आपल्याकडं मसूर पेरतात, तो बारीक मसूर, त्याची चव वेगळी. भाकरी अक्का करतात, जोंधळ्याची, पातळ, कडक. गवारीची भाजी ओलं खोबरं घालून, भेंडी तव्यावर कुरकुरीत. काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट, वरनं फोडणी. मेथी कच्चीच, बारीक चिरून कांदा, तेल, मीठ घालून. खानापूरची मैत्रीण ओले काजू आणते, त्यांची उसळ. सोलताना हाताला चीक लागून कातडी निघते म्हणून ती हातांना तेल लावून आधीच सोलून आणते, केवढं प्रेमाचं काम आहे बघा ते.

आंब्याची डाळ मी करते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, मग जाडसर वाटायची, गंध करायचं नाही, दाताखाली आली पाहिजे. कैरी किसून, हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर, खोबरं, आणि मोहरी-हिंग-हळदीची फोडणी गार करून वरनं. फोडणी गरम घातली की कैरीचा ताजा वास जातो. कैरी समोरच्या काकांच्या झाडाची, त्यांच्याकडं दोघंच आहेत, पाडाच्या कैऱ्या आम्हालाच देतात, पन्हं त्याचंच.

आणि दोडक्याच्या शिरांची चटणी. दोडका सोलताना शिरा टाकून देऊ नका. आधी दोडका नीट धुऊन घ्यायचा, मग शिरा काढायच्या, कात्रीनं बारीक कापायच्या, लोखंडी तव्यावर दोन चमचे तेलात मंद आचेवर परतत राहायच्या. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही, नुसत्या मऊ पडतात, वाफ येते, तेव्हाच लोक कंटाळून गॅस मोठा करतात आणि करपवतात. थांबा. वाफ संपली की त्या हलक्या व्हायला लागतात, उलथन्याला खरखर आवाज येतो, कडा तपकिरी होतात. मग तीळ, किसलेलं सुकं खोबरं, ठेचलेला लसूण, संकेश्वरी मिरचीचं तिखट, मीठ. संकेश्वरी झोंबते, जपून घाला. गार झाल्यावर चुरली की झाली. पाहुणे जाताना ही चटणी पुडीत बांधून देते, मुलं पुण्याला, बेंगळूरला घेऊन जातात.

सगळं गच्चीवरचं नसतं, मी स्पष्ट सांगते. कांदे, बटाटे, नारळ गणपत गल्लीतनं येतात. कुंदा, आपली बेळगावची मिठाई, दुकानातनंच येतो, तो तसाच यायला पाहिजे. पण प्रत्येक ताटात एक तरी पदार्थ असा असतो की ज्याचं फूल त्या जेवणाऱ्यानं स्वतः जुळवलेलं असतं. अक्कांची नात दर वर्षी विचारते, यातला माझा कोणता. मी दाखवते. खरं म्हंजे मी आधीच देठाला लाल दोरा बांधून ठेवलेला असतो.

शेवटचं, बियांचं. वेलावरचा एक चांगला, सरळ, पहिल्या बहराचा दोडका तोडायचा नाही. त्याला तसाच वाळू द्यायचा, हिरवा, मग पिवळा, मग तपकिरी, मग एवढा हलका होतो की वारा आला की हलतो आणि आत बिया खुळखुळतात. मग त्याच्या खालच्या टोकाला, जिथं फूल होतं तिथं, एक छोटं टोपण असतं, ते आपोआप सुटतं. उलटा करून हलवला की काळ्या बिया टपटप ताटात पडतात. हायब्रिड पाकिटाच्या झाडाचं बी असं धरू नका, पुढच्या वर्षी तसंच फळ येईल याची खात्री नसते. माझं दोडक्याचं बी मूळ अक्कांच्या आईकडचं, गोकाककडच्या मळ्यातलं, मग अक्कांकडं, मग माझ्याकडं.

ते मी आज आणलंय. तिकडं टेबलावर वर्तमानपत्राच्या पुड्या केल्यात, एका पुडीत पाच बिया, घराला एक पुडी. शिवरात्र चार दिवसांवर आलीये. आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजत घाला, सकाळी मोठ्या कुंडीत एक बोट खोल, कुंडीला दोनच, बाकीच्या जपून ठेवा, उगवल्या नाहीत तर लागतील. आठवडा-दहा दिवसांत उगवतील. उगवल्या नाहीत तर वडगावात घरी या, मी दहा-बारा रोपं जास्तीची करून ठेवणार आहे. आणि नर फूल कुठलं, मादी फूल कुठलं कळलं नाही तर फोटो पाठवत बसू नका, संध्याकाळी सहाला गच्चीवरच या.